वासराचा वाटा

२ नोव्हेंबर १९९८, सोमवार

पोचले एकदाची! बदनापूरहून जालना, जालन्याहून अंबड आणि अंबडच्या स्टँडवरून घनसावंगीकडे जाणारी काळीपिवळी जीप. चौदा माणसं, दोन कोंबड्या आणि मी. माझ्या मांडीवर सुटकेस आणि सुटकेसवर कुणाचं तरी वांग्यांचं पोतं. फाट्यावर उतरले तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या, पण समोरची पांढरीशुभ्र लांबलचक शेड बघून सगळा शीण गेला. असा गोठा उभ्या मराठवाड्यात दुसरा नाही, असं शेठजी म्हणतात. मी मराठवाड्यातले सगळे गोठे पाहिलेले नाहीत, तेव्हा मान डोलावली.

शेठजी म्हणजे बद्रीनारायणजी. जालन्यात बियाण्यांचा मोठा व्यापार. पणजोबा राजस्थानातून आले, हे आता नावापुरते राजस्थानी. त्यांनी स्वतः फिरून सगळं दाखवलं. चाळीस संकरित गाई, प्रत्येकीच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्यात काडेपेटीएवढी डबी. गाय धार काढायच्या शेडमध्ये शिरली की चौकट त्या डबीतला नंबर वाचते. गाय कप्प्यात उभी राहिली की मागचं फाटक आपोआप लागतं, तिच्यापुरता खुराक गव्हाणीत पडतो आणि माझ्या कॉम्प्युटरवर नंबर उमटतो. खालच्या खड्ड्यात उभी असलेली बाई सडांना चार पेले लावते. दूध संपलं की मशीन आपलं आपण ओळखतं, पेले सोडतं आणि पुढचं फाटक उघडतं. कुणी किती दूध दिलं ते छापून माझ्या टेबलावर येतं. धार काढायची वेळ पहाटे पाच आणि दुपारी चार.

पॉलिटेक्निकला आमच्या वर्गात सत्तावीस मुलं आणि मी एकटी मुलगी होते. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन काय रेडिओ दुरुस्त करणार का, म्हणून चिडवायचे मेले. या आता बघायला.

फक्त छकुली नाही जवळ. चार महिन्यांची झाली परवा. तिचे बाबा पुण्याला कंपनीत, म्हणून तिला आईपाशी बदनापूरला ठेवलंय. वरचं दूध पचतं तिला, नाहीतर मी आलेच नसते. दर शनिवारी संध्याकाळी जायचं, रविवारभर तिला पाजायचं, सोमवारी परत. दोन महिन्यांनी मला कायम केलं की इथली दोन खोल्यांची जागा मिळेल, मग तिला घेऊन येणार. तोवर दूध आटू नये म्हणून रोज दोनदा पिळून टाकायचं. आज चारला ब्लाउज ओला झाला. तिची वेळ ती. मोरीत टाकताना जीव तुटला, पण दोनच महिन्यांचा प्रश्न आहे.

५ नोव्हेंबर, गुरुवार

चोर सापडला! आणि चोर निघाली द्वारकाबाई.

तीन दिवस रिपोर्ट बघून डोकं खाजवत होते. प्रत्येक गाय हिशेबापेक्षा पाव हिश्श्याने कमी दूध देत होती. एखादी कमी देईल, चाळीसच्या चाळीस कशा देतील? नळ्या तपासल्या, मीटर तपासले, शेवटी आज चारच्या पाळीला स्वतः खड्ड्यात उतरले. तर या बाईसाहेब तीन पेले लावतात आणि चौथ्या पेल्याची रबरी नळी मुडपून सुतळीने बांधून टाकतात!

द्वारकाबाई साठीच्या. चाळीस वर्षं हाताने धारा काढल्या, शेठजींनी जुन्या गोठ्यातून इकडे आणलं. मी रागावले. "तीन सडं आपली, एक वासराचं," म्हणाल्या. "समदंच काढून घ्येतलं तं त्यानं काय प्यावं, मंग?" मी त्यांना समजावलं, की इथे वासरं पहिल्याच दिवशी वेगळी करतात, पलीकडच्या शेडमध्ये बादलीतून पावडरचं दूध पितात, आईपर्यंत येतच नाहीत. त्यावर म्हणाल्या, ते मला बराबर माहीत आहे. पिईल की न्हाई ते त्याचं नशीब, पण वाटा ठेवायचा असतो. ठेवला न्हाई तर तो कुठून तरी काढला जातो.

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. मग मलाच उगाच वाईट वाटलं, कारण पलीकडच्या शेडमधून वासरं हंबरत होती आणि इकडे त्यांच्या आया कान टवकारून उभ्या होत्या.

९ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी बदनापूरहून आले. छकुलीने रविवारभर पिऊन घेतलं, जणू आठवड्याची बेगमी. माझ्या गळ्यातली पोत धरून ठेवते आता, सोडत नाही.

कामाचं सांगायचं तर आज बाईसाहेबांचा बंदोबस्त केला. कॉम्प्युटरमध्ये एक जागा आहे, सडात दूध किती शिल्लक राहिलेलं चालेल ते तिथे भरायचं असतं. मी भरलं शून्य. आता चारही सडं पुरती रिकामी झाल्याशिवाय मशीन पेले सोडणार नाही. नळी मुडपली की लाल दिवा लागणार आणि फाटक उघडणार नाही. चारच्या पाळीला द्वारकाबाईंनी सवयीने सुतळी काढली, दिवा लागला, त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने नळी सोडली. संध्याकाळचं दूध एकदम सव्वापटीच्या वर! शेठजींनी पेढे वाटले. म्हणाले, बेटी, मशीन गलती करत नाही, माणूस करतो. मी फुगून बसले होते नुसती.

एक गंमतही झाली. दाराची नवी चौकट बसवली होती आणि एकही गाय तिच्यातून जाईना. नंबर वाचला जातो की नाही ते तपासायचं कसं? मग कोरा पट्टा घेतला, एक्केचाळीस नंबर दिला आणि स्वतःच्या गळ्यात घालून गेले चौकटीतून. वाचला! पण प्रोग्राम मोठा हट्टी, माहितीचा रकाना रिकामा ठेवू देत नाही. व्याली कधी? मी छकुलीची जन्मतारीख टाकली, २९ जून, दुसरी कुठली पटकन सुचली नाही. वासरू नर की मादी? मादी. वासरू आईजवळ की वेगळं केलेलं? इथे बोट जरा थांबलं. मग खरं तेच भरलं. वेगळं केलेलं.

द्वारकाबाई खड्ड्यातून बघत होत्या. पट्टा काढून टाक म्हणाल्या, लेकुरवाळ्या बाईनं गळ्यात असलं घालू न्हाई. काढला आणि ठेवला टेबलाच्या ड्रॉवरमध्ये.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

आजच्या संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये चाळीस गाईंखाली आणखी एक ओळ आली आहे. नंबर ४१, दूध ०.१ लिटर.

धुण्याचं पाणी मीटरमध्ये राहिलं असणार. पट्टा ड्रॉवरमध्येच आहे, नंबर मात्र यादीत राहून गेला, ती माझी चूक. उद्या काढून टाकीन.

आज चारला ब्लाउज ओला झाला नाही. कामात विसरायला झालं असेल. खरं तर सुटल्यासारखं वाटलं.

१५ नोव्हेंबर, रविवार (बदनापूर)

छकुली ओढते, थांबते, माझ्याकडे बघते आणि रडते. दूध आहे, पण कमी. आई म्हणाली, दगदग होते तुला, त्याने आटतं. आळिवाचे लाडू केले, शेपूची भाजी केली, पाठीवरून हात फिरवला. त्यातलं वाईट म्हणजे शुक्रवारपासून छकुलीने वरचं दूधही टाकायला सुरुवात केली आहे. घेते आणि उलटी करते. शुक्रवारी किती वाजता सुरू झालं, असं मी का विचारलं कोण जाणे. आई म्हणाली, चार-साडेचार झाले असतील.

डॉक्टरांनी पावडर बदलून दिली. ती पचली नाही तर आईचंच दूध हवं, म्हणाले.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

काल ४१ नंबरवर ०.३. आज सकाळी ०.३. हे पाणी नाही.

नंबर खोडायला बसले. प्रोग्रामने कारण विचारलं. कारण दोनच आहेत, विकली किंवा मेली. तिसरं नाहीच. खाली "खात्री आहे का" असं लुकलुकत होतं. मी दहा मिनिटं बसून राहिले. वेडेपणा आहे, कळतं मला. एक बटण दाबायचं. पण त्या ओळीत छकुलीची जन्मतारीख आहे आणि तिच्या आईपुढे "मेली" लिहायला माझा हात काही केल्या धजेना. "विकली" लिहिलं तर कुणाला?

मशीन बसवून देणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, तिसरं कारण नाही, गोठ्यातून गाय आणखी कशी बाहेर जाते?

१८ नोव्हेंबर, बुधवार

मी शिकलेली बाई आहे. घाबरण्यापेक्षा मोजून बघावं.

दुपारी पावणेचारला खोलीचं दार लावून सगळं दूध वाटीत काढलं. जेमतेम वाटीभर. मग ऑफिसात येऊन घड्याळ समोर ठेवून बसले. चारला पंप सुरू झाला. ती लय आता झोपेतही ऐकू येते मला, टक आणि फुस, टक आणि फुस, मिनिटाला साठ वेळा. चार वाजून बारा मिनिटांनी छातीत ओढ बसली. दुखलं नाही. छकुली ओढते तशीच, फक्त तिच्यासारखी मध्ये दम खायला थांबत नव्हती. ओढत राहिली, आत काही नसताना.

रिपोर्ट आला. नंबर ४१, दूध ०.०. आणि शेरा, जो आजवर कुठल्याच गाईपुढे आला नव्हता: "रोखून धरते. जास्त वेळ द्यावा."

वाटीतलं दूध तसंच आहे. टाकवत नाही.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

सगळं उलटं करायचा प्रयत्न केला. शून्य पुसून पाव हिस्सा शिल्लक भरला. सकाळी पाहिलं तर पुन्हा शून्य. पुन्हा भरलं. चारला पुन्हा शून्य. माझ्याशिवाय त्या खुर्चीवर कुणी बसत नाही.

पट्टा ड्रॉवरमधून काढून विहिरीत टाकला. रिपोर्टात ४१ आहेच. ०.२.

द्वारकाबाईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं, टोमणा मारतील. त्यांनी माझा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, "त्याला बाई न् गाय काय कळतंय, पोरी? त्याला नंबर कळतो." मी त्यांच्यापाशी बसून रडले. त्या दिवशी हसले होते त्यांना, त्याची लाज वाटली.

गाईंचीही तऱ्हा बरी नाही. कासेला सूज आहे. सात नंबरच्या दुधात आज रक्ताची तार होती. दूध संपलं तरी पेले सुटत नाहीत, ओढत राहतात.

२२ नोव्हेंबर, रविवार (बदनापूर)

छकुलीचं वजन पाऊण किलोने उतरलं. वरचं काहीच ठरत नाही पोटात. डॉक्टर मला रागावले, मूल टाकून नोकरी कसली करतेस म्हणाले.

ठरवलं होतं, परत जायचंच नाही. इथून साठ-सत्तर किलोमीटरवर माझं कोण काय करणार? दुपारी तिला जवळ घेऊन पडले होते. ती कशीबशी प्यायला लागली. चार वाजून बारा मिनिटांनी तिच्या तोंडातून गेलं. म्हणजे दूध तिकडे गेलं. मला ओढ जाणवली आणि ती रिकामीच ओढत राहिली आणि मग तिने असं तोंड केलं, की —

आई म्हणाली, कसला गं हा टकटक आवाज? नळ गळतोय का?

आमच्या घरात नळ नाही.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

काल परत आले. पळून उपयोग नाही. जे आहे ते इथे आहे.

आज द्वारकाबाईंनी मार्ग काढला. त्यांचं म्हणणं, पान्हा चोरणाऱ्या गाईला पूर्वी काय करत? वासरू लावत. ते आधी पितं, त्याचा वाटा घेतं, मग धार काढायची. म्हणजे कुणाचं काही अडत नाही. तर आज चारच्या आधी आम्ही दोघींनी वासरांच्या शेडचं दार उघडलं. मी असं काही जन्मात पाहिलं नाही. त्यांनी आपापल्या आया कशा ओळखल्या देव जाणे, पहिल्या दिवशीच तोडलेली होती ती. शेपट्या हलवत, डोक्याने ढुशा देत प्यायली. गाई चाटत होत्या. द्वारकाबाई डोळे पुसत होत्या आणि मीही.

चार वाजून बारा. काही नाही. साडेचार. काही नाही.

रिपोर्टात ४१ वर ०.०, आणि शेऱ्याची जागा कोरी. रात्री छातीला तडस लागली, दूध भरून आलं. बदनापूरला आईच्या शेजारच्या गुरुजींकडे फोन केला, त्यांनी आईला बोलावलं. छकुलीने संध्याकाळी पावडरचं दूध घेतलं आणि ते ठरलं. शांत झोपली आहे.

किती दिवसांनी जेवले मी.

२५ नोव्हेंबर, बुधवार

शेठजी आले. कालचं दूध पाव हिश्श्याने कमी. मी खरं सांगितलं, सगळं, नंबर ४१ सुद्धा. त्यांनी शांतपणे ऐकलं. वाईट माणूस नाही तो. म्हणाले, बेटी, बाळंतपणानंतर बायकांना असं होतं, थोडा आराम कर. वासरांच्या शेडला मात्र कुलूप लावून किल्ली घेऊन गेले.

चारला ओढ. कालचं भरलेलं सगळं नेलं. ०.५.

शेरा: "उत्तम."

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज गुलाबी आलं. वाटीत नाही, रिपोर्टात नाही. ब्लाउजवर.

आईचा निरोप — छकुलीला सलाईन लावली. हाताची शीर सापडेना म्हणून पायाला.

मेन स्विच खाली ओढला मी. दिवे गेले, पंखा थांबला. पंप थांबला नाही. टक, फुस. खटका खालीच होता, माझा हात त्यावर होता —

सात नंबर मेली. यादीतून गेली. किती सोपं तिला.

२९ नोव्हेंबर, रविवार (बदनापूर)

छकुली रडत नाही आता. नुसती बघते.

डॉक्टर म्हणतात, आईचं दूध मिळालं तरच. मी म्हटलं, मिळेल. कसं ते सांगितलं नाही.

मंगळवारी वासरं लावली तेव्हा सगळं थांबलं होतं. चाळीस गाईंची ओढ थांबली आणि माझीही. म्हणजे द्वारकाबाई बरोबर होत्या, त्याला वाटा दिसायला हवा. माझं वासरू तेवढं त्याने पाहिलेलं नाही. माझ्या ओळीत "वेगळं केलेलं" असं मीच लिहिलंय. तर तिला तिथे न्यायचं. कप्प्यात उभं राहायचं, मशीनसमोर तिला पाजायचं. एकदा.

आईला सांगितलं, शेठजींनी मोठी जागा दिली. खोटं. आई दवाखान्याच्या दारात उभी राहून नको म्हणत होती. मी ऐकलं नाही —

३० नोव्हेंबर, सोमवार

दुपारचे दोन. पोचलो दोघी. जीपमध्ये एका बाईने जागा दिली, पोर फार मलूल आहे म्हणाली.

द्वारकाबाईंनी तिला मांडीवर घेतलं, कपाळाला अंगारा लावला. त्यांनाही हेच बरोबर वाटतं. एकोणचाळीस गाई होतील, मग मी. त्या बरोबर राहतील.

सव्वातीन. ऑफिसात आले. ड्रॉवर उघडला, नवा पट्टा घ्यायला.

४१ चा पट्टा ड्रॉवरमध्येच आहे. ओला.

—

चार चाळीस. रोजनिशी एप्रनच्या खिशात होती. कप्प्यात आहे मी. लिहिते, हात मोकळा आहे तोवर.

पट्टा घालून छकुलीला घेऊन चौकटीतून आले. नंबर उमटला. फाटक लागेना. लाल दिवा. फाटक लागल्याशिवाय काहीच सुरू होत नाही. द्वारकाबाई मागे होत्या. म्हणाल्या, दोन जीव आहेत म्हणून अडलंय, दे माझ्याकडे घटकाभर, लागलं की वरून देते. मी दिली. माझ्या हाताने दिली —

फाटक लागलं. लगेच. आणि त्यांच्या बाजूचं दुसरं, बोळातलं. व्याल्यावर वासरं वेगळी करून न्यायचा बोळ तो.

वरून हात पोचत नाही. गजांतून बोटंच जातात. द्वारकाबाई फाटक बडवताहेत. त्यांच्यामागचं फाटक लागलं, म्हणून त्या पुढे सरकल्या. मग आणखी एक. ते त्यांना पुढे पुढे नेतंय. वासरांच्या शेडकडे. कुलूप होतं ना त्याला —

छकुली रडते आहे. तीन दिवसांनी रडली. लांबून.

गव्हाणीत खुराक पडला. माझ्यापुरता.

वरच्या पाटीवर आकडे: ४१. वासरू: वेगळं केलेलं. शिल्लक: ०.

टक. फुस.

पेले वर आले. कुणी लावले नाहीत —

एक नळी मी मुडपून धरली आहे. डाव्या हाताने. द्वारकाबाई करायच्या तशी. ही बाजू छकुलीची. दुसरी घे तू. सगळी घे. ही नाही.

लाल दिवा. फाटक उघडणार नाही. नको उघडू —

बोटं बधिर. सुतळी नाही. सुतळी ठेवायची होती, मीच बंद केली —

तिचं रडू ऐकू येईना. ऐकू येत नाही की थांबली —

हिचा वाटा आहे हा. धरून ठेवते. धरून ठेवलीय छकुले — नळी सुट